उघड्या तोंडाची नळी

१

निळीच्या बॉनेटखाली एक रबरी नळी तोंड वासून लोंबकळत होती, आणि ती कुठली हे खुद्द मिस्त्रीला सांगता येत नव्हतं.

आईला आपलं पोर ओळखू येऊ नये, तसंच झालं हे. निळी म्हणजे डॉक्टरबाईंची साठ वर्षांची मोटार, गोल पाठीची, आभाळी रंगाची. सात महिन्यांपूर्वी ती गॅरेजात आली ती उंदरांच्या बिऱ्हाडासकट. मिस्त्रीनं तिचा नट न् नट सोडवला, धुतला, पुन्हा बसवला. पत्रेमामांनी तिचे गंजलेले गाल ठोकून ठोकून सरळ केले. पत्रेमामा हे गॅरेजातले डेंटर. तीस वर्षं पत्रा बडवून त्यांचे कान असे बसले होते की शेजारी कोणी हळू बोललं तर त्यांना नुसते ओठ हललेले दिसत. हे त्यांना मान्य नव्हतं. लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं.

आज सकाळी दोघं निळीला घेऊन चाचणीच्या फेरीला निघाले. बारा वाजता डॉक्टरबाई येणार होत्या आणि गाडी स्वतः चालवत घरी नेणार होत्या. पहिले सात-आठ किलोमीटर निळी अशी धावली की पत्रेमामांना शीळ घालावीशी वाटली. मग चौकात लाल दिवा लागला, मिस्त्रीनं रेसवरचा पाय काढला आणि ती आचके देत बंद पडली. चावी मारली की उठे, रेस दिली की गुरगुरे, पाय काढला की मरे. चौथ्यांदा मेली तेव्हा चावी तशीच ठेवून मिस्त्री खाली उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

"वायपर बघ रे," तो ओरडला.

निळीचे वायपर विजेवर चालत नसत. जुन्या पद्धतीप्रमाणे इंजिन जो श्वास ओढतं त्याच ओढीवर ते हलत, आणि ती ओढ एका जाड रबरी नळीतून त्यांच्यापर्यंत पोचे. ते जिवंत करायला मिस्त्रीनं अख्खा महिना घातला होता. पत्रेमामांनी खिडकीतून हात घालून डॅशबोर्डवरची वायपरची बोंडी फिरवली. वायपर काचेवरून डौलात गेले आणि डौलात परत आले.

"चालतायत!"

"मग ही त्यांची नाही." एक टोक इंजिनात घट्ट बसलेली ती नळी मिस्त्री हातात धरून उभा होता. "मग ही कुठली?"

पत्रेमामांना इंजिनातलं काय कळणार? ते नुसते शेजारी उभे राहिले. उभ्याउभ्या त्यांचा डावा जोडा रस्त्याला चिकटल्यासारखा झाला. डांबर असेल, असं म्हणून त्यांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवला.

मिस्त्री ठिपका शोधत होता. त्याची एक सवय सगळ्या धंद्याला ठाऊक होती. सांधा पक्का केला की बारीक कुंचल्यानं तो पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवी, अर्धा नळीवर, अर्धा ती जिच्यावर चढवली त्या तोटीच्या नाकावर. सांधा सरकला की ठिपका दुभंगायचा. ठिपका नाही तर सांधा नाही, हा त्याचा कायदा. या नळीच्या तोंडाशी ठिपका नव्हता.

ओळखीच्या टेम्पोला दोर बांधून निळीला गॅरेजात आणलं. मिस्त्रीनं हात धुतले, पाने एकेक करून पुसले आणि कापडी गुंडाळीत ठेवून नाडी बांधली.

"थोरल्याचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. त्याच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःच्या घराचं दार ओळखू येत नव्हतं. "वर्ष झालं, चहाचा कप धरला की हात हलतो. म्हटलं, हात तर हात. आता डोकंही गेलं. मीच बसवलेली नळी, आणि कुठली ते मला आठवत नाही. बारा वाजता डॉक्टरबाईंना सांगतो, दुसरा बघा. आजपासून पाना हातात धरणार नाही."

"अरे, एका नळीसाठी?"

"त्या नळीच्या जागी उद्या ब्रेकची असेल."

कोपऱ्यात गॅरेजचा वायरमन आपली पिशवी आवरत होता. तिशीतला, हुशार, पण कायम घाईत. मिस्त्री त्याच्याकडे गेला आणि पान्यांची गुंडाळी त्याच्यापुढे धरली.

"तुझा हात चांगला आहे. तुला होतील."

वायरमनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो मागे सरला, स्टूल आडवं झालं. "मला नको, काका," तो म्हणाला, "मला हे घेता यायचं नाही," आणि सरळ बाहेर निघून गेला.

२

पत्रेमामांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. जगात एकच माणूस आता उपयोगाचा होता, आणि त्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती.

गॅरेजपासून तीन गल्ल्या पलीकडे सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच तो, पण जमिनीपासून छतापर्यंत खणच खण. काउंटरमागे नंबरबाई बसत. अडतीस वर्षं त्या तिथे बसत होत्या, आधी सासऱ्यांच्या हाताखाली आणि मग एकट्या. भागाचं नाव सांगा, त्या नंबर सांगत. नंबर सांगा, त्या मागे न बघता खण ओढत. म्हणून नंबरबाई. स्वतः त्या कधी स्टिअरिंगला बसल्या नव्हत्या. रोज घरून चालत येत. पण एकदा एक ड्रायव्हर रुमालात तुटका बोल्ट घेऊन आला, तेव्हा त्यांनी बोल्टाकडे पाहून म्हटलं होतं, "नवा देते, पण हाही तुटेल. तुमची गाडी डावीकडे ओढते, आधी ते बघा." ड्रायव्हर तोंडात बोट घालून परत गेला. ही गोष्ट पत्रेमामांनी आजवर शंभर जणांना सांगितली असेल, आणि दर वेळी त्यांची छाती अशी फुगे की जणू बोल्ट त्यांनीच ओळखला होता.

"बसा," नंबरबाई म्हणाल्या. "चालताना तुमचा डावा पाय वाजतोय."

"वय झालं, बाई. गुडघे वाजतात."

त्यांनी पत्रेमामांच्या पायांकडे क्षणभर पाहिलं आणि मग सगळी हकीकत ऐकून घेतली. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"नळीचं तोंड केवढं?"

"करंगळी जाईल एवढं."

"आतून वास? पेट्रोलचा, ऑइलचा?"

"मी हुंगून पाहिलं. नुसता रबराचा."

"म्हणजे तिच्यातून काही वाहत नव्हतं. हवा ओढायची नळी आहे ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि सकाळी फाटकातून निघताना निळी उभ्याउभ्या कशी चालत होती? रेस न देता?"

"घड्याळासारखी! मिस्त्रीनं टपावर पाण्याचा पेला ठेवून दाखवला मला. पाणी हललं नाही."

"मग त्या वेळी ती नळी उघडी नव्हती," नंबरबाई म्हणाल्या.

"ते कशावरून?" पत्रेमामांनी विचारलं.

"एवढं मोठं तोंड उघडं असतं तर इंजिनानं त्यातून फुकटची हवा ओढली असती आणि फाटकातच दम तोडला असता. रेस देताय तोवर भागतं, पाय काढला की नाही. चौकात झालं ते हेच. मिस्त्री नळी उघडी विसरला असता तर तुम्ही गॅरेजाबाहेरच पडला नसता. तोंड बंद होतं, पत्रेमामा. ते वाटेत उघडलं."

त्यांनी न वळता मागचा एक खण ओढला, काहीतरी लहानसं उचलून रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. काउंटरवर 'थोड्या वेळात येते' अशी पाटी ठेवली. तीस वर्षांत ती पाटी पत्रेमामांनी पहिल्यांदा पाहिली.

"चला," त्या म्हणाल्या. "तोंड बंद कोणी केलं होतं, ते बघू."

३

गॅरेजात डॉक्टरबाईंचा भाचा आधीच येऊन टपकला होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, निळीला हात लागणार नाही इतक्या अंतरावर उभा. पत्रेमामांचा संशय पहिल्यापासून याच्यावर. मावशीनं या वयात गाडी चालवू नये आणि निळी कोणा शौकिनाला विकून टाकावी, असं त्याचं चाललं होतं. काल संध्याकाळी तो आला, बॉनेट उघडून दहा मिनिटं एकटाच वाकून होता, हे मामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"विचारा याला," ते नंबरबाईंच्या कानाशी म्हणाले. त्यांचं कानाशी बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू जाई.

"काय विचारायचंय?" भाचा ताठरला.

नंबरबाईंनी त्याला खुर्ची दिली. "काल तुम्ही बॉनेट उघडलंत."

"फोटो काढायला. कशालाही हात लावला नाही. मला गाड्यांतलं काही कळत नाही."

"मलाही चालवता येत नाही," नंबरबाई हसून म्हणाल्या. "फोटो दाखवता?"

त्यानं फोन पुढे केला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. हवा गाळायच्या गोल डब्यामागे नळीचं टोक खोचलेलं दिसत होतं. टोक मोकळंच होतं, कशावरही बसवलेलं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर काळी टोपी होती.

"म्हणजे नळी कालच सुटलेली होती," पत्रेमामा म्हणाले. "आणि यानं हात लावायच्या आधीच!" त्यांना जरा वाईटच वाटलं. भाचा चोर निघाला असता तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"साप साप म्हणून भुई धोपटू नका, मामा," नंबरबाई म्हणाल्या. "यांनी उलट आपलं अर्धं काम केलंय."

मग त्या निळीकडे वळल्या. मिस्त्री बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. नंबरबाईंनी नळीचं तोंड दोन बोटांत धरलं, आतून बाहेरून चाचपलं, मग अंगठा त्यावर दाबून उचलला. अंगठा किंचित चिकटला.

"नुसती कापून ठेवलेली नळी तोंडाशी सरळ असते," त्या म्हणाल्या. "ही फुललीय. कित्येक दिवस कुठल्यातरी नाकावर चढून बसली होती. मिस्त्रींनी ही बसवली होती, पत्रेमामा. नंतर कोणीतरी काढली."

"पण कुठून? इंजिनावर एकही नाक रिकामं नाही. मी स्वतः मोजली. तोंड आहे आणि जागाच नाही!"

नंबरबाई इंजिनाकडे बघतच नव्हत्या. त्या इंजिनाच्या मागच्या पत्र्याकडे, गाडीच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या एका भोकाकडे बघत होत्या. भोक करंगळीहून मोठं होतं. त्यातून एकच बारीक तांबडी वायर गेली होती आणि उरलेली जागा काळ्या टेपनं बुजवली होती.

"एवढ्याशा वायरीला एवढं दार कशाला?" त्या पुटपुटल्या. पत्रेमामांना फक्त ओठ दिसले.

४

वायरमन बाहेर टपरीशी चहा घेऊन उभा होता. चहा गार झाला होता.

"तू निळीत काय काय काम केलंस, बाळा?" नंबरबाईंनी विचारलं.

"दिवे. हॉर्न. डॅशबोर्डमागच्या वायरी." तो कपात बघून बोलत होता. "मी इंजिनाला हात लावत नाही, काकू. मिस्त्रीकाका लावू देत नाहीत."

"बरोबर आहे. एवढंच विचारायचं होतं."

पत्रेमामांना ही विचारपूस फारच मवाळ वाटली. चोराच्या मनात चांदणं असतं, हे त्यांना कळत होतं. मघाशी पाने समोर धरले तेव्हा हा असा का दचकला? ते तोंड उघडणार तोच नंबरबाई त्यांच्याकडे वळल्या.

"मामा, चौकात तुम्ही वायपर चालवून पाहिलेत. कसा आवाज आला?"

"आवाज?" पत्रेमामा चाचरले. "आवाज... काही खास नाही."

"काही ऐकू आलं का?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "नाही आलं, बाई. मला वायपर ऐकू येत नाहीत."

"असू दे. हे तर सांगा, त्या वेळी इंजिन चालू होतं का?"

"छे! मेलं होतं. म्हणून तर बॉनेट उघडलं."

नंबरबाईंनी वायरमनलाही खूण केली आणि गॅरेजाकडे वळल्या. त्या आत गेल्या, निळीचं दार उघडून पुढच्या सीटवर टेकल्या आणि पत्रेमामांना म्हणाल्या, "चावी नुसती एक खाच फिरवा. इंजिन सुरू करू नका. आता बोंडी."

पत्रेमामांनी बोंडी फिरवली. वायपर काचेवरून डौलात गेले आणि डौलात परत आले. इंजिन थंड पडलेलं, त्याला श्वास नव्हता की ओढ नव्हती. पण वायपर चालले होते.

भिंतीकडे तोंड करून बसलेला मिस्त्री सावकाश वळला. पत्रेमामांना न ऐकू येणारा आवाज त्यानं ऐकला होता. बारीक, सरळ, विजेच्या मोटारीचा.

"हा माझा वायपर नाही," मिस्त्री म्हणाला.

त्याच क्षणी फाटकाशी रिक्षा थांबली आणि डॉक्टरबाई उतरल्या. बाराला अजून सव्वा तास होता. त्यांना धीर निघाला नव्हता.

५

डॉक्टरबाई शहात्तर वर्षांच्या, सडसडीत, ताठ. हातात गाडी चालवायचे पांढरे हातमोजे. बॉनेट उघडं, सगळे उभे आणि मिस्त्रीचा उतरलेला चेहरा पाहून त्या फाटकातच थबकल्या.

मिस्त्री पुढे झाला. "बाई, गाडी वाटेत बंद पडली. काय झालंय ते मला कळलं नाही, आणि असं मला पूर्वी कधी झालं नाही. वायपर कोणी बदलला तेही कळत नाही. कदाचित मीच बदलला असेन. मला आता माझा भरवसा वाटत नाही. तुम्ही दुसरा..."

"मिस्त्री, पाच मिनिटं द्या," नंबरबाई म्हणाल्या. "पत्रेमामा, तो डावा जोडा काढा."

"जोडा?"

"सकाळपासून चट् चट् वाजतोय. सगळ्या गल्लीला ऐकू आलं, तुम्हाला सोडून."

पत्रेमामांनी जोडा काढून उलटा केला. टाचेपाशी एक काळा, धुळीनं माखलेला गोळा चिकटला होता. नंबरबाईंनी पर्समधून छोटी सुरी काढली, गोळा अलगद सोडवला आणि बाकावर ठेवून त्याची घडी उलगडायला घेतली. काळी टेप होती ती, टोपीसारखी गुंडाळलेली, मधोमध फाटलेली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "नळी वायपरचीच. या मॉडेलला करंगळीएवढी रबरी नळी एकच असते. कोणीतरी जुना वायपर काढून विजेचा बसवला, तीच बोंडी ठेवून, म्हणजे कळू नये. नळीचं टोक मागच्या पत्र्यातून इंजिनाकडे ढकललं आणि तोंडाला टेप गुंडाळली. ज्याला वीज कळते त्याला टेप पुरेशी वाटते, कारण वीज टेपला ढकलत नाही. इंजिन मात्र ओढतं. थंड होतं तोवर टेपनं तग धरला. इंजिन तापलं, गोंद पातळ झाला, तोंडावरची टेप आत ओढली जाऊन फाटली आणि उरलेली टोपी निसटली. बॉनेट उघडलंत तेव्हा ती खाली पडली आणि पत्रेमामा तिच्यावर उभे राहिले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. पत्रेमामांनी एक जोडा हातात धरूनच मान हलवली.

सगळे वायरमनकडे बघत होते. तो रडायच्या बेतात होता.

"त्याला काही बोलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की पत्रेमामांना तिथून निघून जावंसं वाटलं.

"तुम्ही? का? वायपर चालत होता की. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

"वाजवल्या होत्या." डॉक्टरबाईंनी मोजे मुठीत गच्च धरले. "मिस्त्री, तो वायपर चढावर थांबतो. तेव्हाही थांबायचा. रेस दिली की इंजिनाची ओढ कमी होते आणि काच आंधळी होते. एकदा भर पावसात एका बाईच्या बाळंतपणाला निघाले होते, टेकडीवर. खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकली. पोचले तेव्हा बाळ माझ्याआधी पोचून रडत होतं. तेव्हा डोळे चांगले होते माझे. आता मला काच लख्ख लागते. पण तुम्ही त्या वायपरच्या आतलं चामडं अकरा वेळा कापलंत. बाराव्यांदा तो हलला तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हसलात. मला सांगवेना. म्हटलं, गुपचूप करू. तुम्हाला कळलंच नाही तर दुखणार तरी कसं?"

"मला वाटलं डोकं गेलं माझं," मिस्त्री म्हणाला. "दोन तास वाटत होतं."

डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "चुकले मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही, बाई. घोडं पेंड इथे खातंय." मिस्त्रीनं लोंबत्या नळीकडे बोट केलं. "सुटली ती टेप, हे पटलं. पण त्या नळीवर माझा ठिपका नाही. सांधा मी केला आणि ठिपका विसरलो. ते तर खरंच ना? आज ठिपका विसरलो, उद्या सांधा विसरेन."

तो आतून मोडला होता आणि टेपच्या तुकड्यानं ते सांधलं जाणार नव्हतं. पत्रेमामांनी नंबरबाईंकडे पाहिलं. त्या अजून टेपची शेवटची घडी सोडवत होत्या, घाई न करता, जखमेवरची पट्टी काढावी तशा.

६

शेवटची घडी सुटली. टेपच्या चिकट बाजूवर पिवळ्या रंगाचा अर्धा चंद्र होता.

"रबरावर रंग तितकासा धरत नाही," नंबरबाई म्हणाल्या. "गरम गोंदानं तो उचलून नेला. म्हणून नळी कोरी दिसली. बाळा, जुना वायपर टाकला नसशील ना?"

"नाही काकू. डॉक्टरबाई म्हणाल्या, जपून ठेव." वायरमननं पिशवीतून कापडात बांधलेली पितळी डबी काढली. मिस्त्रीनं घासून लख्ख केलेली ती डबी म्हणजे वायपर हलवणारं जुनं यंत्र. तिच्या नाकावर, अगदी कडेला, दुसरा अर्धा चंद्र होता.

नंबरबाईंनी टेपचा तुकडा त्या नाकाला भिडवला. दोन अर्ध्यांचा एक ठिपका झाला. वाटोळा, मोहरीएवढा, कड कुठेही फाटलेली नाही.

"सांधा केलात, ठिपकाही ठेवलात," त्या म्हणाल्या. "अडीच महिन्यांपूर्वी, डॅशबोर्डच्या आत, अंधारात, पाठीवर झोपून. बघा बरं. हलत्या हाताचा ठिपका असा असतो?"

मिस्त्रीनं डबी हातात घेतली. ती उजेडाकडे धरून त्यानं ठिपका पाहिला.

"हात हलतो माझा, ताई. चहा पिताना रोज हलतो."

"चहा पिताना हलतो," नंबरबाई म्हणाल्या. "ठिपका ठेवताना नाही."

पत्रेमामांनी हातातला जोडा खाली ठेवला. तीस वर्षं ते या माणसाशेजारी काम करत होते. तो हात त्यांनी रोज पाहिला होता, आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ती एका बाईनं पाहिली, जी कधी स्टिअरिंगला बसलीही नाही. धन्य, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि ते तसं मोठ्यांदा म्हणालेही.

मिस्त्रीनं डबी डॉक्टरबाईंच्या हातात दिली. "ही घरी कपाटात ठेवा. विजेचा वायपर राहू दे. तुम्हाला दिसणं महत्त्वाचं." मग तो वायरमनकडे वळला आणि त्याचा जुना आवाज परत आला. "आणि तू! श्वासाच्या नळीला टेप लावतोस? नळी मुळापासून काढायची आणि इंजिनावरच्या भोकात आट्यांचं पितळी बूच बसवायचं. इकडे ये, दाखवतो. पुन्हा टेप दिसली तर तुझ्याच तोंडाला लावीन!"

"हो काका," वायरमन म्हणाला. शिव्या खाताना इतकं खूश झालेलं माणूस पत्रेमामांनी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीनं गुंडाळीची नाडी सोडली. पाने बाकावर पसरले. हवेचा गोल डबा उतरवला, नळी काढली, खालचं भोक पुसलं आणि हात पुढे केला. "ताई, आता तुमच्या दुकानात जावं लागणार. त्याचं बूच..."

नंबरबाईंनी पर्समधून रुमाल काढून उलगडला. आत पितळी बूच होतं आणि त्याचा तांब्याचा वॉशर.

पत्रेमामांनी बुचाकडे पाहिलं, मग नंबरबाईंकडे. "म्हणजे तुम्हाला दुकानातच कळलं होतं?"

"नळीचं तोंड सांगितलंत तेव्हाच."

"आणि मग फोटो, जोडा, अर्धे चंद्र, एवढा खटाटोप कशाला? मला तिथेच सांगायचं होतंत. मी धावत येऊन सांगितलं असतं!"

"काय सांगितलं असतंत? नळी वायपरची आहे, एवढंच." नंबरबाईंनी पर्स बंद केली. "निळी त्यानं दुरुस्त झाली असती, मामा. मिस्त्री झाले नसते."

बूच बसलं. मिस्त्रीनं पिवळ्या रंगाची बाटली उघडली, कुंचला बुडवला, काठावर निथळवला. गॅरेजात सगळे श्वास रोखून उभे होते, भाचासुद्धा. कुंचल्याचं टोक खाली गेलं, टेकलं आणि उठलं. अर्धा बुचावर, अर्धा इंजिनावर, मोहरीएवढा वाटोळा ठिपका.

निळी सुरू झाली. पत्रेमामांनी टपावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं नाही. डॉक्टरबाईंनी मोजे चढवले आणि शेजारचं दार आतून उघडून नंबरबाईंना हाक मारली, "चला, दुकानापर्यंत सोडते. टेकडीवरून जाऊ." नंबरबाई थोड्या गोंधळल्या. मग पदर सावरून गाडीत बसल्या आणि दोघी निघून गेल्या.

टपरीवरून चहा आला. मिस्त्रीनं कप उचलला आणि कप थरथरला, दोन थेंब बशीत सांडले. पत्रेमामांनी पटकन दुसरीकडे पाहिलं.

"बघ की," मिस्त्री म्हणाला. "हलतोय तर हलू दे." आणि त्यानं बशीतला चहासुद्धा पिऊन टाकला.